डिफरन्शियलचा पिनियन नट हलतच नाहीये: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी पेशाने मिस्त्री नाही. घरी एक जुनी जीप, मामांकडे सुमो, आणि दर पावसाळ्यानंतर दोघींपैकी एकीचं तरी डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना फिरवणारा गिअरचा डबा) तेल सोडतं, त्यामुळे हा नट मी बऱ्याचदा खोललाय आणि एकदा चांगलाच फसलोय पण. मित्रमंडळी तेच तेच प्रश्न फोनवर विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

पिनियन नट म्हणजे नेमका कुठला? माझ्या गाडीला आहे का?

इंजिनाकडून मागे जो लांब प्रोपेलर शाफ्ट येतो तो मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एका फ्लँजला बोल्ट केलेला असतो, काही जण त्याला कपलिंग म्हणतात. शाफ्ट सोडवला की त्या फ्लँजच्या मधोमध खड्ड्यात एक मोठा नट दिसतो, तोच. तो फ्लँजला पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरच्या दांड्यावर, धरून ठेवतो. बोलेरो, सुमो, क्वालिस, इनोव्हा, जिप्सी, ओम्नी, ईको, म्हणजे ज्यांची मागची चाकं ढकलतात त्या सगळ्यांना असतो. स्विफ्ट, वॅगनआर वगैरेंची पुढची चाकं ओढतात, त्यांना मागे डिफरन्शियलच नाही, तुम्ही निवांत राहा.

तोंडाशी तेल गळतंय. म्हणजे नट काढून सील (फ्लँजभोवतीची तेल अडवणारी रबरी कडी) बदलावंच लागणार ना?

थांबा जरा. आधी ब्रीदर बघा. ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक छोटी टोपी असते किंवा रबरी नळी वर गेलेली असते, तीतून आतली गरम हवा बाहेर पडते. चिखलाने ती बुजली की आत दाब धरतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. टोपी फिरते का बघा, काढून डिझेलने धुवा, पुसून घ्या आणि आठवडाभर गाडी चालवून बघा. ब्रीदर बंद असताना नवीन सील टाकलं तर तेही गळणार आणि मग सगळे दुकानदाराला शिव्या देतात की सील डुप्लिकेट दिलं.

ब्रीदर ठीक आहे आणि तरी गळतंय, तर मग हो, नट काढावा लागेल.

एवढा घट्ट का असतो पण हा? चाकाचे नट तर सहज सुटतात.

कारण त्याचं काम फक्त फ्लँज धरणं एवढंच नाहीये. पिनियनला दोन टेपर बेअरिंग असतात आणि ती एकमेकांवर थोडी दाबलेली राहावी लागतात, म्हणजे पिनियन पुढे-मागे अजिबात डुलता कामा नये. तो दाब हा नट देतो. बऱ्याच गाड्यांत दोन बेअरिंगच्या मध्ये एक पातळ पोलादी नळी असते, क्रश स्लीव्ह म्हणतात, आणि नट आवळताना ती नळी अक्षरशः चिरडली जाऊन हवी तेवढी आखूड होते. पोलाद चिरडायचं म्हटल्यावर ताकद लागणारच, टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, तीनशे न्यूटन मीटर किंवा जास्तही सहज जातो. जुन्या विलीज छापाच्या जीपांत स्लीव्हऐवजी शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात आणि नटाला स्प्लिट पिन, पण टॉर्क तिथेही साधारण तेवढाच.

त्यात वर लॉकचा काहीतरी प्रकार असतो, नटाची कड ठोकून पिनियनच्या खाचेत बसवलेली, नाहीतर नायलॉनचं कडं, नाहीतर कुणीतरी मागच्या वेळी लाल लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवणारा गोंद, ओतलेलं. त्यावर दहा-पंधरा वर्षांचा चिखल. कोकणातली गाडी असेल तर खाऱ्या वाऱ्याचा गंज बोनस.

खोलायला घेण्याआधी काय करायचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला पाहिजे, मी पण विचारला नव्हता. पहिल्यांदा जीपचं नाही, सुमोचं काम होतं, तासभर झटापट करून नट एकदाचा सुटला, आम्ही दोघांनी आनंदाने चहा घेतला, सील बसवलं, आणि मग नट हातात घेऊन एकमेकांकडे बघत बसलो की आता हा आवळायचा किती. अंदाजाने आवळला. महिन्याभरात साठच्या वर गेलं की मागून कुत्रं विव्हळल्यासारखा आवाज यायला लागला. पुढे काय झालं ते खाली सांगतो.

तर शाफ्ट सोडवा. आधी शाफ्ट आणि फ्लँज दोन्हीवर समोरासमोर रंगाची खूण करा म्हणजे परत तसाच बसेल. मग वायर ब्रशने नट आणि पिनियनचं टोक लखलखीत करा. आता बारीक पंचने तीन ठिकाणी एका रेषेत ठोका द्या, पिनियनच्या टोकावर एक, नटावर एक, फ्लँजवर एक. नुसता पेंट नको, तेलाने पुसला जातो. नटाच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजा आणि मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन काढा.

शेवटचं म्हणजे ड्रॅग, फ्लँज फिरवायला किती जोर लागतो तो. मागची दोन्ही चाकं वर, चाकं काढलेली, हँडब्रेक सोडलेला, ड्रम घासत नाहीयेत याची खात्री करा. फ्लँजवर दोरी तीन-चार वेढे गुंडाळा आणि टोकाला स्प्रिंग काटा लावून हळूहळू ओढा, भंगारवाल्याकडे असतो तसला. फ्लँज एकसारखं फिरत असताना काटा किती किलो दाखवतो ते लिहून ठेवा. सुटायला पहिला झटका लागतो तो धरायचा नाही. समजा दोरीचा वेढा मध्यापासून पाच सेंटीमीटरवर आहे आणि काटा तीन किलो दाखवतोय, तर ते साधारण दीड न्यूटन मीटर झालं. आकडा लहान वाटतो पण बेअरिंगचं आयुष्य त्याच्यावर आहे. यात ॲक्सलचाही थोडा ड्रॅग मिसळलेला असतो, चालेल, फक्त नंतर मोजताना सगळी परिस्थिती हीच ठेवायची.

हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली, तरी फ्लँज फिरतंय. का?

गिअरचं सोडाच, शाफ्ट तुम्ही काढून बाजूला ठेवलाय, गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा आता काही संबंध उरला नाही. हे ऐकून हसू नका, मी स्वतः पहिल्या दिवशी पहिला गिअर टाकून बसलो होतो.

हँडब्रेकचं गणित बघा. रेशो ४.१ धरला, म्हणजे पिनियनचे ४.१ फेरे झाले की त्याला जुळलेल्या मोठ्या गिअरचा, क्राऊनचा, एक, आणि नटावर तुम्ही ४०० न्यूटन मीटर लावले तर क्राऊनवर ते १६४० होतात, म्हणजे दर चाकाच्या ड्रमने ८२० धरायला हवेत. जुना हँडब्रेक कुठून धरणार. आणि धरलाच तर तो सगळा भार क्राऊन-पिनियनच्या दातांवर झटक्याने येतो. जुन्या विलीज जीपांची तर गंमतच आहे, त्यांचा हँडब्रेक चाकाला नसतोच, ट्रान्सफर केसच्या मागे असतो, शाफ्ट काढला की तोही गेला.

मग फ्लँज धरायचं कसं?

नव्वद टक्के लोकांचा नट अडकलेला नसतो, त्यांचं फ्लँज हलत असतं. धरणारा दांडा केला की अर्धं काम झालं.

दहा मिलिमीटर जाड, पन्नास रुंद, मीटरभर लांब लोखंडी पट्टी घ्या, भंगारात मिळते. फ्लँजच्या शेजारशेजारच्या दोन भोकांचं अंतर मोजून पट्टीच्या एका टोकाला दोन भोकं पाडा, मधला नट झाकला जाणार नाही अशा बेताने, गरज पडली तर वेल्डिंगवाल्याकडून कडेला अर्धगोल कापून घ्या. शाफ्टचेच बोल्ट वापरा, ते चांगल्या ग्रेडचे असतात, हार्डवेअरच्या दुकानातले मऊ बोल्ट वाकतात. बोल्ट हाताने लावून सोडू नका, पान्याने आवळा.

आता दिशा. गाडीखाली नटाकडे तोंड करून, म्हणजे मागे बघत असाल तर नट घड्याळाच्या उलट सुटतो. तेव्हा डावीकडचा दांडा खाली जाऊ बघणार. म्हणून पट्टी डावीकडे न्या, आपल्याकडच्या गाड्यांत ती ड्रायव्हरची बाजू, आणि टोक जमिनीवर लाकडी ठोकळ्यावर टेकवा. पान्याचा दांडा पण डावीकडेच, पट्टीच्या जरा वर, आणि तो खाली पट्टीकडे दाबायचा. सुपारी कातरतो तसं, अडकित्ताच झाला तो. यात फायदा असा की तुमचा जोर दोन दांड्यांच्या मध्येच राहतो, गाडी घोड्यांवर, म्हणजे खाली लावलेल्या लोखंडी स्टँडवर, हलत नाही. हाताने जमत नसेल तर ट्रकवाले माल बांधायला वापरतात तो रॅचेटचा पट्टा दोन्ही टोकांना लावून क्लिक क्लिक करत आवळा. एका क्षणी "टक्" असा आवाज येतो, बंदुकीसारखा, दचकू नका, तो नट सुटल्याचा आवाज आहे.

काही जण पान्याचा दांडा उजवीकडे काढून त्याखाली जॅक लावतात. मला ते पटत नाही. डावीकडे जमीन पट्टीला वर ढकलते, उजवीकडे जॅक पण वर ढकलतो, म्हणजे दोन्ही मिळून ॲक्सलच घोडीवरून उचलायला बघतात, आणि जॅकचा दांडा हलवताना किती जोर गेला हे हाताला कळत नाही.

पाना कुठला आणि पाईप केवढा?

साइज गाडीप्रमाणे, सत्तावीस, तीस, बत्तीस असं काहीही निघू शकतं, जुन्या जीपला बहुतेक सव्वा इंचाला एक सूत कमी म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंची. सॉकेट सहा कोनीच घ्या, बारा कोनी इथे घसरतं. दांडा पाऊण इंची असेल तर उत्तम. सत्तर किलोचा माणूस १.२ मीटरच्या पाइपवर लोंबकळला तर आठशे न्यूटन मीटरच्या वर जातं, त्यात अर्धा इंची दांड्याचं टोक पिळून तुटतं आणि तुम्ही तोंडावर. रॅचेट तर अजिबात वापरू नका, आतले दात जातात.

एक अडचण नेहमी येते, फ्लँजच्या खड्ड्यात जाड इम्पॅक्ट सॉकेट शिरतच नाही. लेथवाल्याकडून बाहेरून दीड-दोन मिलिमीटर उतरवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

नटाची कड आत ठोकलेली दिसतेय. तशीच फिरवू का?

नको. ती कड पिनियनच्या खाचेत बसलीय, तशीच फिरवली तर नट आटे खरवडत बाहेर येईल आणि पिनियनचे आटे गेले तर क्राऊन-पिनियनचा अख्खा जोड बदलावा लागतो. छोटी छिन्नी घ्या, टोक घासून बारीक करा, खाचेच्या दिशेने टेकवून हळू ठोके देत कड बाहेर उचला. पूर्ण सरळ व्हायची गरज नाही, खाचेतून वर आली की बास. छिन्नी नटाच्या धातूत घुसू दे, पिनियनच्या आट्यात नको.

डब्ल्यूडी-४० मारून ठेवू का रात्रभर?

गंज असेल तर मारा, डिझेलही चालतं, आदल्या संध्याकाळी मारून ठेवलं की सकाळी फरक पडतो. पण नट नुसता टॉर्कने घट्ट असेल तर तेलाने काही होत नाही. मारल्यावर खुणा दिसतायत ना ते बघा.

गरम केला तर?

लाल लॉकटाइट असेल तर त्याशिवाय सुटत नाही, ते अडीचशे अंशांच्या आसपास मऊ पडतं. मग ब्लो लॅम्पने किंवा छोट्या गॅस टॉर्चने फक्त नटावर, फिरवत फिरवत, एक-दोन मिनिटं, आणि गरम असतानाच पाना लावायचा. सील जळणार, जळू दे, बदलायचंच आहे. काळजी मागच्या बेअरिंगची आहे, साधी बेअरिंग साधारण १२० अंशांच्या पुढे सहन करत नाहीत, म्हणून पिनियन आणि फ्लँज लाल होईपर्यंत तापवणारा गॅस कटिंगवाला इथे आणू नका. आणि खाली टपकलेलं गिअर ऑइल, डिझेलचा बोळा, आधी मारलेला स्प्रे हे सगळं पुसून मगच आग. बादलीभर वाळू जवळ ठेवा.

टायरवाल्याकडच्या नट खोलायच्या गनने काढून घेतला तर चालेल?

काढायला चालेल, उत्तम. गन झटक्या झटक्याने मारते त्यामुळे फ्लँज धरायचीही फारशी गरज पडत नाही. हायवेवरच्या ट्रकचं काम करणाऱ्यांकडे मोठी गन असते, त्यांना तुमचा नट म्हणजे किरकोळ. फक्त ठोकलेली कड आधी उचला आणि खुणा आधी करा, कारण तो माणूस दोन सेकंदांत नट तुमच्या हातात देईल.

लावायला मात्र गन नाही म्हणजे नाहीच, हातसुद्धा लावू देऊ नका. क्रश स्लीव्ह एका सेकंदात नको तेवढी चिरडली जाते. आमच्या सुमोचं पुढे हेच झालं, आवाज येतोय म्हणून एका गॅरेजमध्ये दाखवली, त्याने "ढिला आहे साहेब" म्हणत गनने टर्रर्र करून आवळला, आवाज दोन दिवस बंद आणि मग डिफरन्शियलचं तोंड एवढं तापायला लागलं की हात टेकवत नव्हता. शेवटी दोन्ही बेअरिंग आणि स्लीव्ह.

उलट्या आट्यांचा असतो का?

मी हात लावलेल्या एकाही गाडीत नव्हता. सगळे सरळ आट्यांचे.

नटाचे कोपरे गेलेत, सॉकेट फिरतंय नुसतं.

आधी एक साइज लहान सॉकेट हातोड्याने ठोकून बसवून बघा. नाही जमलं तर नटाच्या समोरच्या तोंडावर, एक सपाट बाजू आणि आटे यांच्या मधल्या धातूत, पिनियनच्या दांड्याला समांतर पाच मिलिमीटरचं भोक पाडा, आट्यांना ड्रिल लागू देऊ नका, मग त्या भोकात छिन्नी घालून फोडा. नट उघडतो आणि हाताने निघतो. ग्राइंडर त्या खड्ड्यात जात नाही, प्रयत्न करू नका, फ्लँजलाच खाच पडते. पाइप पान्याने धरून ओढणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

नट निघाला पण फ्लँज निघत नाही.

पुलर लावा, दोन पायांचा चालतो. मागून हातोडा मारू नका, तो मार बेअरिंगच्या रोलरना बसतो आणि रिंगवर बारीक खळगे पडतात, ते नंतर आवाज करतात. खाली ताट ठेवा, थोडं तेल येईल.

फ्लँज हातात आलं की जिथे सीलचा ओठ फिरतो तो भाग नखाने तपासा. नख अडकेल एवढी खाच असेल तर नवीन सीलही गळणार. मग एकतर फ्लँज बदला, नाहीतर त्यावर बसणारी पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते ती चढवा.

परत किती आवळायचा?

शिमवाली गाडी असेल तर सोपं, पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा, स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर पुढे नेऊन जुळवा, मागे आणून नाही.

क्रश स्लीव्हवाली असेल आणि बेअरिंग तीच जुनी असतील तर खुणांचा उपयोग आता. सीलच्या ओठाला ग्रीस लावा, फ्लँजच्या आतल्या दात्यांवर आणि नटाखालच्या वायसरवर गॅस्केट सीलंटचा पातळ थर द्या, कारण तेल दात्यांतूनही झिरपतं आणि लोक उगाच सीलला दोष देतात. फ्लँज जुन्या खुणेवर बसवा. जुना नट एकदा चढवून खुणा कुठे जुळतात ते बघा, मग नवीन नटावर तीच जागा आखून घ्या. आवळताना पट्टी आता उजव्या बाजूला टेकवायची, दिशा उलटी झाली ना.

खूण जवळ आली की थोडं थोडं, पानाभर नाही, बोटभर. खुणेवर पोचलात की दोरी आणि काटा काढा. ड्रॅग आधी होता तेवढा किंवा किंचित जास्त यायला हवा. कमी येत असेल तर आणखी जरासं पुढे, खुणेच्या पुढे दीड मिलिमीटरच्या आसपास जाणं नेहमीचं आहे, प्रत्येक वेळी मोजायचं. नवीन सीलमुळे थोडा ड्रॅग वाढतो हेही लक्षात ठेवा. बेअरिंग नवीन टाकली असतील तर ही खुणांची पद्धत लागूच होत नाही, स्लीव्ह पण नवीन घ्या आणि पुस्तकातल्या ड्रॅगप्रमाणे बसवा.

जरा जास्तच आवळला गेला, थोडा ढिला करून सोडू?

नाही हो. चिरडलेली नळी परत लांब होत नाही. नट मागे घेतला की बेअरिंगवरचा दाब जातो आणि पिनियन डुलायला लागतं, वरून नट पण ढिला राहतो. नवीन स्लीव्ह टाका. तेवढ्यासाठी पुढचं बेअरिंग काढावं लागतं, पण स्लीव्ह स्वस्त आहे.

जुनाच नट वापरला तर?

ठोकायचा किंवा नायलॉनचा असेल तर नको. स्प्लिट पिनवाला चालतो, पिन नवीन टाका.

एकट्याने होईल का? काय जपायचं?

होतं, पण दोघं असाल तर बरं. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली जाऊ नका, घोड्या लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, जमीन पक्की हवी, शेणाने सारवलेल्या अंगणात घोडी एका बाजूने खचते हे मी बघितलंय. दांडा दाबताना तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका.

सगळं झालं, आता बरोबर बसलं हे कसं कळणार?

तेल भरा, बहुतेकांना ८०डब्ल्यू-९० जीएल-५ लागतं, भरायच्या भोकाच्या कडेला आलं की पुरे. दहा-पंधरा किलोमीटर नेहमीच्या वेगाने फिरवून आणा आणि डिफरन्शियलच्या तोंडाला हात लावा. कोमट-गरम ठीक, हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग जास्त दाबलंय, परत खोला. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर, दोन्हींपैकी एकाच वेळी, विव्हळणं यायला लागलं, जे आधी नव्हतं, तर पिनियनची जागा हललीय. आधीपासूनच होतं तर ते दातांचं जुनं दुखणं आहे, सीलने जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा, आमचा पुठ्ठा मागच्या वेळी कोरडा निघाला, दोन थेंब होते ते पुढे इंजिनाखाली.